‘द्वीप’ शब्द आणि एकाकीपणाची कल्पना

जालना जिल्ह्यास समुद्र नाही. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, अंतर्भागात दुधना व पूर्णा या नद्या आहेत. असे असूनही येथील धर्मकृत्यांच्या संकल्पात ‘जंबुद्वीप’ हा शब्द नित्य उच्चारला जातो, आणि शेताच्या बांधावरील बांबूंच्या दाट समूहास मराठी माणूस सहज ‘बेट’ म्हणतो. समुद्र न पाहिलेल्या प्रदेशात रूढ असलेल्या या शब्दांचा मूळ आशय एकाकीपणाचा होता काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

‘द्वीप’ हा ‘द्वि’ आणि ‘अप्’ (पाणी) यांचा समास आहे. ज्याच्या दोन बाजूंस पाणी आहे ते द्वीप. पाणिनीने सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात सांगितले आहे की ‘द्वि’, ‘अन्तर्’ आणि उपसर्ग यांच्यापुढील ‘अप्’च्या आद्य स्वराचा ‘ई’ होतो. याच नियमाने ‘अन्तरीप’ आणि ‘समीप’ ही रूपे सिद्ध होतात. म्हणजे ज्यास आपण दूरत्वाचे प्रतीक मानतो तो ‘द्वीप’ आणि निकटता सांगणारा ‘समीप’ हे एकाच घराण्यातील शब्द ठरतात.

फारसीतील ‘आब’ हा शब्द ‘अप्’चा सगोत्र आहे. ‘दुआब’ची घडण ‘द्वीप’सारखीच असली, तरी अर्थ दोन नद्यांमधील सुपीक भूमी असा झाला. मराठीत रुळलेल्या ‘अब्रू’ शब्दातही हाच ‘आब’ असून ‘रू’ म्हणजे मुख. निजामी अमलात फारसी-उर्दूशी दीर्घ परिचय झालेल्या मराठवाड्यास ही शब्दसंपत्ती परकी नाही.

पालीत ‘द्वीप’ आणि ‘दीप’ या दोहोंचेही ‘दीप’ असेच रूप होते. त्यामुळे बुद्धाच्या अखेरच्या उपदेशातील ‘अत्तदीप’ या पदाचा अर्थ आज बहुधा ‘स्वतःचा दिवा’ असा केला जातो. परंतु पाली अट्ठकथा महासागरातील द्वीपाचा दृष्टांत देते, आणि संस्कृत पाठातही ‘आत्मद्वीप’ असे रूप आढळते. येथे द्वीप म्हणजे पुरात पाय टेकण्याची आश्रयभूमी होय.

एकाकीपणाचा अर्थ निराळ्या वाटेने आला. लॅटिन ‘इन्सुला’ म्हणजे बेट. त्यापासून इटालियन व फ्रेंच भाषांतून आलेल्या शब्दांनी इंग्रजीत ‘आयसोलेट’ हे क्रियापद दिले. बेटाप्रमाणे तोडून वेगळे करणे, हा त्याचा अर्थ.

या भेदाचे महत्त्व केवळ कोशापुरते नाही. जालन्यालगतच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद परिसरात, निहाली बोलली जाते. कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते सिद्ध न झाल्याने तिला ‘एकाकी भाषा’ म्हणतात. वंशापुरते हे वर्णन योग्यच आहे. मात्र तिच्या शब्दसंग्रहाचा फार मोठा भाग कोरकू, मराठी आणि द्राविडी भाषांतून आलेला आहे. १९६२ मध्ये कायपर यांनी केलेल्या तिच्या तौलनिक अभ्यासातही हे मिश्रण स्पष्ट होते. वंशाने एकाकी असलेली ही भाषा व्यवहाराने कधीही एकाकी नव्हती.

तेव्हा निहालीस ‘भाषाद्वीप’ म्हणताना ‘इन्सुला’चा अर्थ मनात धरावयाचा की पाणिनीचा, हे अभ्यासकाने आधी ठरविले पाहिजे. पहिल्या अर्थाने पाहणारा तिच्यातील उसने शब्द भेसळ म्हणून बाजूस सारील. दुसऱ्या अर्थाने पाहणारास मात्र तेच शब्द तिला स्पर्श करून गेलेल्या पाण्यांच्या खुणा वाटतील, आणि तिचा इतिहास त्या खुणांवरूनच लिहावा लागेल.