३ जानेवारी १९७४ : देवळालीची छावणी बीबीसीवर

नागपूरहून मुंबईला रेल्वेने निघालं की नाशिक रोडमागोमाग देवळाली येतं. ३ जानेवारी १९७४ रोजी तिथली लष्करी छावणी बीबीसीच्या पडद्यावर आली. ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ या विनोदी मालिकेचा तो पहिला भाग. काळ १९४५चा, युद्ध जपानशी चालू, पण मालिकेतल्या कलापथकाचे सैनिक नाच-गाण्यात दंग. लेखक जिमी पेरी स्वतः देवळालीतल्या अशाच कलापथकात होते. सहलेखक डेव्हिड क्रॉफ्ट. चित्रीकरण मात्र इंग्लंडातच! रंगीराम हे भारतीय पात्र झालेले ब्रिटिश अभिनेते मायकेल बेट्स झाशीत जन्मलेले. हिंदी अस्सल, चेहऱ्याचा सावळा रंग मेकअपचा; आज तेच खटकतं. मालिकेचे ५६ भाग झाले.