मृगशृंगांचे मापन : एका प्रमाणपद्धतीचा उदय

शिकारीत मिळालेल्या शिंगांचे मापन हा प्रथमदर्शनी केवळ हौसेचा विषय वाटतो. तथापि त्याच्या इतिहासात प्रमाण म्हणजे काय, हा महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे.

मृत प्राणी पेंढा भरून जतन करण्याचा व्यवसाय करणारे लंडनचे रोलंड वॉर्ड यांनी 1892 साली जगातील मोठ्या शिकारी प्राण्यांच्या मापांची सूची प्रसिद्ध केली. भारतातील सांबर व चितळ यांनाही तीत स्थान होते. अमेरिकेत 1887 साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने 1932 साली आपला पहिला नोंदग्रंथ काढला. त्यात लांबीसारखे एखादे माप प्रधान मानले होते. एवढ्याने शिंगांच्या समग्र रूपाची कल्पना येईना. म्हणून ग्रॅन्सेल फिट्झ आणि जेम्स क्लार्क यांनी स्वतंत्र पद्धती रचल्या. त्यांतील मतभेद मिटवून समितीने सिद्ध केलेली पद्धती 1950 साली रूढ झाली.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या बाबतीत दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, त्यांतील आतील अंतर, फाट्यांची लांबी आणि प्रत्येक दांड्याचे चार घेर इंचाच्या अष्टमांशापर्यंत मोजतात. शिंगे वाळताना आकसतात. म्हणून किमान 60 दिवस गेल्यावाचून अधिकृत मापन होत नाही. कवटी दुभंगलेली असल्यास नोंद नाकारतात. कारण मग आतील अंतर विश्वसनीय राहत नाही.

1961 साली स्थापन झालेल्या पोप अँड यंग क्लबने धनुर्धरांच्या नोंदींसाठी हीच पद्धती स्वीकारली. मात्र नियमित शिंगांसाठी किमान गुण 125 ठेवले. बून अँड क्रॉकेटच्या सार्वकालिक नोंदीसाठी ते 170 आहेत. मोजपट्टी एकच, उंबरठे मात्र दोन. धनुष्याच्या मर्यादित पल्ल्याची ही दखल होय.

तरीही ही पद्धती मूल्यनिरपेक्ष नाही. डावा दांडा 24 इंच व उजवा साडेबावीस इंच असल्यास बेरीज साडेशेहेचाळीस होते. परंतु दीड इंचाचा फरक वजा होऊन गुण 45 च उरतात. म्हणजे लांब दांड्याची अधिक वाढ हिशेबातून पूर्णपणे बाद होते. प्राण्याने ती वाढविलेली असते. समतोलाचा आग्रह मात्र मनुष्याचा असतो. तात्पर्य, अष्टमांश इंचाची काटेकोरता मापाला विश्वासार्ह करते. काय मोजावे व काय वगळावे, हा निर्णय मात्र मापनापूर्वीच झालेला असतो. अशा नोंदींचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्या अभ्यासकाने प्रथम तो निर्णय तपासावयास हवा.