'आमच्यामागे याचे कोण?' : एका प्रश्नाचा इतिहास

जयपूरहून कोट्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर चाकसू लागते. येथील शील की डूंगरीवर शीतलामातेची मोठी यात्रा भरते. तिची तिथी राजस्थानी पंचांगाप्रमाणे चैत्र वद्य अष्टमी, म्हणजे आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमी. आदल्या दिवशी रांधलेले थंड अन्न अर्पण करून आईबाप लेकरांना देवीच्या रोगापासून राखण्याचे मागणे मागत आले. १९८० मध्ये तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. परंतु ज्यांच्या अपत्याची समज वयाबरोबर वाढत नाही, अशा मातापित्यांचा घोर असा सरत नाही. 'आमच्यामागे याचे कोण?' हा त्यांचा प्रश्न होय. समाजाने त्याला कसकशी उत्तरे दिली, याचे स्मरण सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात करणे आम्हांस उचित वाटते.

पहिले उत्तर एकत्र कुटुंबाचे होते. असे मूल चुलत्या-काकूंच्या, भावंडांच्या पंखाखाली वाढे; पाणी भरणे, गुरे राखणे अशी झेपतील ती कामे करी. तथापि त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कित्येकांचे आयुष्य माजघराच्या अंधारात गेले. १९१२ च्या कायद्याने तर मतिमंद आणि वेडा यांत भेदच केला नव्हता; दोघांनाही एकाच व्याख्येत कोंबले होते. तो भेद १९८७ च्या कायद्याने केला.

दुसरे उत्तर शाळेचे. मुंबईत वकील दांपत्याने १९४४ साली आपल्या कन्येच्या निमित्ताने जी शाळा आरंभिली, ती पुढे शिवडी येथे जय वकील या नावाने नावारूपास आली. पुण्यात १९६४ साली कामायनी ही संस्था उभी राहिली. बटण लावणे, नाणी ओळखणे, रस्ता ओलांडणे हेही शिक्षणच आहे, हा विचार अशा शाळांनी रुजविला.

परंतु मूल अठरा वर्षांचे झाले की शाळा सुटते, पुढे काय? यातून उद्योगकेंद्रांची कल्पना पुढे आली. कागदी पाकिटे, मेणबत्त्या, रंगविलेल्या पणत्या यांतून मिळणारी रक्कम अल्प असली, तरी 'माझी कमाई' म्हणण्याचा अधिकार अल्प नव्हे.

तिसरे उत्तर पालकांनी स्वतःच दिले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बदलापूर येथे माधवराव गोरे यांच्या पुढाकाराने 'आधार' आणि डोंबिवलीजवळ खोणी येथे अमेय पालक संघटनेचे 'घरकुल' ही प्रौढांची निवासस्थाने आकारास आली. वृद्ध होत चाललेल्या आईबापांनी एकमेकांच्या लेकरांची जबाबदारी वाटून घेतली. किंबहुना रक्ताच्या नात्याने जे साधेना, ते समदुःखाच्या नात्याने साधले.

चौथे उत्तर कायद्याचे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी पालकत्वाची सोय केली. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक विकलांग व्यक्ती यांची स्थानिक समिती अर्जाची छाननी करून कायदेशीर पालक नेमते, आणि कसूर करणाऱ्या पालकास दूरही करू शकते. २०१६ च्या कायद्याने विकलांगतेचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. 'मतिमंद' हा शब्दही मागे पडून 'बौद्धिक दिव्यांगता' रूढ होत आहे.

राजस्थानातही ही चळवळ आली. जयपुरात १९९५ मध्ये 'दिशा' ही संस्था स्थापन झाली. तथापि शहरातील केंद्र आणि चाकसूसारख्या गावातील घर यांत सुमारे चाळीस किलोमीटरांचे अंतर आहे. ज्या मुलाला एकट्याने बसमध्ये बसता येत नाही, त्याच्या आईची रोजची मजुरी त्या अंतरातच बुडते. सेवा घराजवळ आली नाही, तर ती कागदावरच राहते.

परमुलखातील आम्हां मराठी कुटुंबांना हे निराळे सांगावे लागू नये. येथे आपले चुलते नाहीत, मावश्या नाहीत. जे काही आहे ते मंडळ आहे. गणेशोत्सवात ज्या घरचे माणूस कधीच दिसत नाही, त्या घरी आवर्जून जावे. त्या मुलास आरतीच्या ताटाजवळ उभे करावे. पालकत्वाचा अर्ज भरण्यास हात द्यावा. आईस एक दुपार विश्रांती मिळावी म्हणून कुणी तरी जाऊन बसावे. याला निधी फारसा लागत नाही, माणसे लागतात. पन्नास वर्षांत आपण नाटके केली, ग्रंथालय चालविले. पुढील वर्षांत 'आमच्यामागे याचे कोण?' या प्रश्नाला 'आम्ही' असे उत्तर देणारी चार घरे जरी आपल्यांत निघाली, तरी मंडळाचे नाव सार्थ होईल.