सांधेदुखीची वर्गवारी : एका विभाजनाचा इतिहास

संधिवात या एकाच नावाखाली लोकव्यवहारात जे आजार मोडतात, त्यांपैकी निदान तिघांची जातकुळी मुळातच वेगळी आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये कूर्चा, म्हणजे हाडावर हाड घासू न देणारे गुळगुळीत आवरण, झिजत जाते. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारक यंत्रणा सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते आणि सुजलेले अस्तर हाड पोखरू लागते. गाऊटमध्ये रक्तात वाढलेल्या युरिक आम्लाच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. ही ओळख पटायला वैद्यकाला अनेक शतके लागली, आणि त्या इतिहासात एक गोष्ट डोळ्यांत भरते ती अशी, की ज्या आजाराचे रुग्ण सधन समजले जात, त्याच्याकडे वैद्यांचे लक्ष सर्वांत आधी गेले.

भारतात ही फोड बरीच लवकर सुरू झाली. चरकसंहितेत ऑस्टिओआर्थ्रायटिसशी जुळणारा संधिगत वात आणि गाऊटशी जुळणारे वातरक्त यांचे वर्णन स्वतंत्र आहे; वातरक्ताच्या कारणांत खारट-आंबट आहार, मद्य आणि सुखवस्तू माणसाची नाजूक प्रकृती यांची गणना होते, आणि त्याच्या पर्यायी नावांत ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंतांचा वात, हेही एक आहे. आमवाताला स्वतंत्र प्रकरण मिळाले ते पुढे, साधारण सातव्या-आठव्या शतकातील माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात. मंद झालेल्या अग्नीमुळे न पचलेला रस, म्हणजे ‘आम’, वाताबरोबर सांध्यांत जाऊन बसतो, अशी त्याची उपपत्ती. ताप, अरुची, अनेक सांध्यांची सूज आणि विंचू डसल्यासारख्या वेदना ही लक्षणे. हा भेद केवळ पुस्तकी राहिला नाही, कारण तो उपचारांतही उतरला: एरवी वातविकारावर तेल चोळणे हा हमखास उपाय असताना आमवातात आम पचेपर्यंत तेल वर्ज्य मानले गेले आणि लंघन, सुंठ, एरंडेल व तापवलेल्या वाळूच्या पुरचुंडीचा कोरडा शेक यांवर भर राहिला, तर वातरक्तात गुळवेल आणि रक्तमोक्षण, म्हणजे दूषित मानलेले रक्त काढून टाकणे, यांना मान मिळाला. आमवात म्हणजेच रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे समीकरण मात्र सरसकट मांडले जाते तितके पक्के नाही; घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणारा आणि सांध्यांबरोबर हृदयही धरणारा रुमॅटिक फिव्हरही त्या वर्णनात बसू शकतो.

युरोपात गाऊटचे जवळजवळ लाडच झाले. हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत तो स्त्रियांना पाळी थांबण्यापूर्वी होत नाही असे निरीक्षण आहे. सहाव्या शतकात ट्रॅलीसच्या अलेक्झांडरने त्यावर कॉल्चिकम कुळातील कंद वापरला, आणि त्याच कुळातील कंद युनानी हकिमांच्या औषधांत सुरंजान म्हणून टिकून राहिला. लंडनचा डॉक्टर थॉमस सिडनॅम याने १६८३ साली गाऊटवर जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्याला स्वानुभवाची धार होती, कारण तो स्वतः वर्षानुवर्षे या दुखण्याने हैराण होता. रात्री ठीकठाक झोपलेला माणूस पायाच्या अंगठ्याच्या कळेने जागा होतो आणि पांघरुणाचा भारही त्याला सोसवत नाही, हे त्याचे वर्णन आजही जसेच्या तसे लागू पडते. हा आजार गरिबांपेक्षा श्रीमंतांना आणि मूर्खांपेक्षा शहाण्यांना अधिक गाठतो, असे समाधानही त्याने करून घेतले. रुग्णच लेखक असला की रोगाची प्रतिष्ठा वाढते ती अशी.

पॅरिसचे सालपेत्रिएर रुग्णालय हा निराधार व गरीब स्त्रियांचा मोठा आश्रय होता. तेथे काम करणाऱ्या ऑग्युस्तँ लाँद्रे-बोव्हे याने १८०० साली आपल्या प्रबंधात नऊ स्त्रियांची हकीकत मांडली. त्यांच्या दुखण्यात एकाच वेळी अनेक सांधे धरले जात, दुखणे दीर्घकाळ रेंगाळे आणि शरीर खंगत जाई; त्यात गाऊटच्या सुखवस्तूपणाचा मागमूस नव्हता. आजार वेगळा आहे हे दिसत असूनही लाँद्रे-बोव्हेने त्याला गाऊटचाच एक अशक्त प्रकार ठरवले. दोनच वर्षांनी, १८०२ मध्ये, विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरचे निरीक्षण त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले: बोटांच्या टोकांजवळच्या सांध्यांवर वाटाण्याएवढ्या टणक गाठी येतात आणि त्यांचा गाऊटशी काही संबंध नाही. झिजेच्या संधिवाताची ही खूण आजही हेबर्डनच्याच नावाने ओळखली जाते.

गाऊटचा पुरावा रसायनशास्त्राने दिला. रसायनशास्त्रज्ञ शील याने १७७६ साली मूतखड्यात युरिक आम्ल शोधले, वुलॅस्टन या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये गाऊटच्या गाठीत त्याचा क्षार दाखवला, आणि लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉडने १८४८ मध्ये ते रुग्णाच्या रक्तातच असल्याचे सिद्ध केले. पुढे त्याने जी ‘दोऱ्याची कसोटी’ बसवली, ती प्रयोगशाळा नसलेल्या डॉक्टरलाही करता येण्याजोगी होती. रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव चमचा-दोन चमचे उथळ काचपात्रात घ्यायचा, त्यात ॲसेटिक आम्लाचे काही थेंब घालायचे, तागाच्या कापडाचे इंचभर लांबीचे एक-दोन धागे बुडवायचे आणि ते पात्र बेताच्या उबेत ठेवून द्यायचे. गॅरॉडच्या मते त्यासाठी घरातल्या शेकोटीवरची फळीही पुरे होती. एक-दोन दिवसांत द्रव आळत आला, की युरिक आम्ल पुरेसे असल्यास धाग्यावर स्फटिक जमलेले सूक्ष्मदर्शकातून दिसत. गॅरॉडने त्यांना दिलेली उपमा दोऱ्यावर धरलेल्या खडीसाखरेची होती. संधिवात आणि गाऊट यांचे मिश्रण समजून ज्यांचे दुखणे रुमॅटिक गाऊट म्हणवले जाई, त्या रुग्णांच्या रक्तात वाढलेले युरिक आम्ल आढळेना, तेव्हा १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्याने ते नाव सोडून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस ही संज्ञा सुचवली. सालपेत्रिएरमधल्या स्त्रियांच्या दुखण्याला स्वतःचे नाव मिळाले ते असे, एकोणसाठ वर्षांनी.

पुढचा पल्ला उपचाराचा होता. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंचने १९४८ साली रुमॅटॉइड आर्थ्रायटिसने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन हे संप्रेरक दिले आणि ती काही दिवसांत चालू लागली; १९५० मध्ये हेंच आणि रसायनशास्त्रज्ञ केंडॉल व राइकस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच सुमारास औषधाचे दुष्परिणामही उघड होऊ लागले.

हे सारे डॉक्टरपर्यंत पोचलेल्या रुग्णांचे झाले; रुग्णालयात येऊ न शकणाऱ्यांची गणती महाराष्ट्रात १९९६ साली सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेशी संलग्न असलेल्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची विचारपूस व तपासणी झाली. रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाले, झिजेचा संधिवात त्याच्या कितीतरी पट अधिक, आणि युरोपने ज्याच्यावर एवढे ग्रंथ लिहिले त्या गाऊटचे रुग्ण अगदी थोडे. कंबर, पाठ, मान, गुडघे दुखतात एवढेच सांगणारे आणि कोणत्याही ठरीव आजारात न बसणारे लोक मात्र तेथे मोठ्या संख्येने आढळले.