समशेरीवांचूनचें बळ

बुद्धिबळाच्या पटावर वजिराइतका बलाढ्य मोहरा दुसरा नाहीं. परंतु त्याचें सारें बळ मारण्याचें. सारा वसूल करणें, धान्याचा सांठा राखणें, तलाव बांधविणें, तह जुळविणें हीं जीं खऱ्या वजिराचीं कामें, त्यांपैकीं एकही त्या पटावर करतां येत नाहीं. हा प्रकार आपल्या जुन्या खेळापुरताच नाहीं. मेजाभोंवतीं बसून प्रत्येकानें एकेका पात्राची भूमिका घ्यावयाची, असा जो खेळ अमेरिकेंत १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें निघाला, त्याचा उगमही लुटुपुटीच्या लढायांतच झाला. म्हणून त्याच्या आरंभींच्या नियमांत प्रहाराचें गणित बारीक, आणि बोलणीं, व्यापार, कारागिरी यांना स्थान बेताचें. पात्राच्या अंगीं लढण्याखेरीज कोणते गुण असावे व त्यांस किती वजन द्यावें, हा वाद अशा खेळांच्या रचनाकारांत अद्याप चालूच आहे.

आम्हांस वाटतें, या वादांत नगरच्या निजामशाहीची साक्ष घेण्याजोगी आहे.

पहिल्या मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर नगरजवळच्या डोंगरावर आहे. लोक तिला चुकीनें ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील भातोडी गांवचा जुना तलाव याच सलाबतखानानें बांधविला असें सांगतात. तलाव बांधणें हें लढवय्याचें काम नव्हे. परंतु १६२४ सालीं मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजा मलिक अंबरावर चालून आल्या, तेव्हां हाच तलाव त्याच्या कामीं आला. त्यानें बांध फोडून शत्रूच्या भोंवतालची भुई चिखल करून टाकली, रसद तोडली आणि रात्रीं छापे घातले. उपाशी शिपाई फुटून त्याच्याकडे येऊं लागले. त्यानंतर तलवारीची पाळी आली. आदिलशाही सेनापति मुल्ला महंमद मारला गेला. निजामशाहीच्या बाजूनें शहाजीराजांचे बंधु शरीफजी धारातीर्थीं पडले. तलवारीवांचून भागलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण तलवारीला आधीं वाट करून दिली ती पाण्यानें आणि भुकेनें.

हें अंबराला सुचलें कसें? तो जन्मानें हबशी, बालपणींच गुलाम म्हणून विकला गेलेला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें त्याला विकत घेतलें, आणि त्याच्या पदरीं त्याला राज्यकारभार जवळून पाहावयास मिळाला. १६०० सालीं नगरचा किल्ला मोगलांनीं घेतला, तरी अंबरानें दुसऱ्या मुर्तझास गादीवर बसवून राज्य पुन्हां उभें केलें. वसुलीचे मक्ते मोडून त्यानें जमिनीची प्रत व पीक पाहून सारा ठरविला. १६१० च्या सुमारास त्यानें खडकी शहर वसविलें व तेथें भुयारी नहरीनें पाणी खेळविलें. रयत नांदती राहिली, म्हणून गनिमी फौजेच्या घोड्यांना दाणा मिळाला.

कोणी म्हणेल, अखेर हे सारे गुणही युद्धाच्याच उपयोगी पडले; मग त्यांस निराळें मानावें कशाला? याचें उत्तर पुढील इतिहास देतो. १६२६ मध्यें अंबर वारला आणि १६३६ मध्यें निजामशाहीही बुडाली. तलवारीनें मिळविलेलें दहा वर्षांत गेलें. खडकीचें औरंगाबाद झालें, परंतु अंबराच्या नहरीचें पाणी त्याच्या शत्रूंच्या वंशजांनींही शतकानुशतकें प्यालें.

सावंतवाडीच्या कारागिरांनीं जिची कला राखली, त्या गंजिफेकडे या दृष्टीनें पाहावें. मोगलाई गंजिफेचे रंग आठ: मुकुट, रुपें, समशेर, गुलाम, वाद्य, सोनें, सनद आणि माल. आठांत समशेर एकच! ज्यानें हे रंग ठरविले, त्यानें दरबार डोळे उघडे ठेवून पाहिला असला पाहिजे. आपल्या घरांतील मुलें नवे खेळ खेळतात, यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र खेळांत पराक्रमाचा अर्थ मारणें एवढाच ठरला, तर इतिहासांतही मुलें तेवढेंच शोधतील. मग भातोडीस गेल्यावर त्यांना रणभूमि दिसेल, तलाव दिसणार नाहीं.