ऋतुचक्र, संप्रेरके आणि गायक पक्ष्यांचा मेंदू : एका संशोधन-परंपरेचा मागोवा

प्रास्ताविक :
प्रौढ मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होत नाहीत, हे गृहीतक विसाव्या शतकातील चेताविज्ञानाने जवळजवळ सिद्धान्त म्हणून स्वीकारले होते. त्याला खरा तडा गेला तो कॅनरी या पाळीव पक्ष्याच्या अभ्यासातून. हा तडा कसा गेला आणि तो मान्य होण्यास विलंब का लागला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. येथे ‘गायक पक्षी’ ही संज्ञा शास्त्रीय अर्थाने योजली आहे. हे पक्षी आपले गीत ऐकून शिकतात. मराठी काव्यातील लाडकी कोकिळा (गातो तो वस्तुतः नर) या वर्गात मोडत नाही.

पूर्वपीठिका :
१८४९ मध्ये गॉटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्थोल्ड यांनी खच्ची केलेल्या कोंबड्यांच्या उदरपोकळीत वृषणाचे पुनर्रोपण केले. त्यांचे आरवणे व तुरा कायम राहिला. मज्जातंतूंचा संबंध तुटलेला असल्याने हा परिणाम रक्तामार्फतच घडत असला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पुढे कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन यांनी कडाक्याच्या हिवाळ्यात जंको पक्ष्यांच्या पिंजऱ्यांत विजेचे दिवे लावून दिवस कृत्रिमरीत्या लांबविला. पक्ष्यांच्या प्रजननग्रंथी वाढल्या. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने ऋतूची खूण तापमानात नव्हे, तर प्रकाशकालात शोधण्यास शिकविले. मात्र मेंदू या साखळीत केवळ निरोप्या मानला जात होता.

मेंदूचे ऋतुमान :
पीटर मार्लर यांचे विद्यार्थी फर्नांडो नोटेबोम यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सहकाऱ्यांसह कॅनरीच्या मेंदूतील गीतकेंद्रे निश्चित केली. १९७६ मध्ये त्यांनी व आर्थर अर्नोल्ड यांनी ही केंद्रे मादीपेक्षा नरात कितीतरी मोठी असल्याचे दाखविले. १९८१ मधील निबंध त्याहून धक्कादायक होता. नर कॅनरीचे एच.व्ही.सी. हे केंद्र शरद ऋतूपेक्षा वसंतात ९९ टक्के, तर आर.ए. हे केंद्र ७६ टक्के मोठे आढळले. दरवर्षी नवी गीतखंडे शिकणाऱ्या पक्ष्याचा मेंदूही दरवर्षी नव्याने घडतो, असा अर्थ त्यातून निघत होता.

या वाढीत नव्या पेशींचा वाटा असेल काय? १९८३ मध्ये स्टीव्हन गोल्डमन व नोटेबोम यांनी प्रौढ माद्यांना किरणोत्सारी थायमिडीन दिले. काहींना टेस्टोस्टेरॉन, तर नियंत्रण गटाला निष्क्रिय द्रव्य दिले. संप्रेरकामुळे नव्या चेतापेशी दिसाव्यात, ही अपेक्षा होती. त्या दिसल्या, परंतु नियंत्रण गटातही दिसल्या! अपेक्षाभंगातूनच मोठा शोध लागला : प्रौढ पक्ष्याच्या मेंदूत चेतापेशी संप्रेरकाच्या उपचाराविनाही जन्मत होत्या. मग टेस्टोस्टेरॉनचे कार्य काय? १९९४ मध्ये एस. रसिका, नोटेबोम व आर्तुरो आल्वारेझ-बुया यांनी दाखविले की या संप्रेरकामुळे एच.व्ही.सी.मध्ये सामावून टिकणाऱ्या नव्या पेशींची संख्या वाढते. संप्रेरकाची भूमिका जन्मदात्याची नसून पालकाची ठरली.

स्वीकृतीचा प्रश्न :
जोसेफ ऑल्टमन व गोपाल दास यांनी १९६५ मध्येच उंदरांच्या मेंदूतील नव्या पेशींचा पुरावा मांडला होता. परंतु त्या चेतापेशीच कशावरून, या आक्षेपाखाली तो दबला. हा आक्षेप लक्षात घेता जॉन पेटन व नोटेबोम यांचे १९८४ मधील कार्य विशेष महत्त्वाचे ठरते. नव्या पेशी ध्वनीला विद्युत्-प्रतिसाद देतात, हे त्यांनी प्रत्यक्ष नोंदविले. तरीही १९८५ मध्ये पास्को राकिच यांनी ऱ्हीसस माकडांत असे काही आढळत नसल्याचे सांगून आयुष्यभराच्या स्मृतीसाठी स्थिर पेशीच आवश्यक असाव्यात, असा युक्तिवाद केला. युक्तिवाद गंभीर होता. पण त्याच्या आधारे पक्ष्यांचा पुरावा अपवादात ढकलला गेला, हे योग्य म्हणता येणार नाही.

शिकणे व वाढणे यांचे सरळ समीकरणही टिकले नाही. १९९१ मध्ये इलियट ब्रेनोविट्झ व सहकाऱ्यांनी टाउही पक्ष्यांचा अभ्यास केला. प्रौढपणी नवे गीत न शिकणाऱ्या या पक्ष्यांतही गीतकेंद्रे ऋतूनुसार बदलत होती.

१९९८ मध्ये पीटर एरिक्सन, फ्रेड गेज प्रभृतींनी मानवी मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या चेतापेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. २० वर्षांनी, २०१८ मध्ये, प्रौढ मानवात अशा पेशी आढळत नसल्याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि वाद पुन्हा पेटला. त्या निबंधाच्या लेखकांत नोटेबोम यांचेच विद्यार्थी आल्वारेझ-बुया होते.