फारुकींचा खानदेश

पाचोऱ्याहून रेल्वेने भुसावळ ओलांडून पुढे गेले की तापीकाठी बऱ्हाणपूर लागते आणि त्याच्या उत्तरेस असीरगड. आज ही दोन्ही स्थळे मध्य प्रदेशात मोडतात. परंतु एके काळी खानदेशचा कारभार तेथूनच चाले. तेथील फारुकी घराण्याविषयी आम्हांस प्रश्न पडतो तो असा: एवढे लहान राज्य दोनशेहून अधिक वर्षे टिकले कसे, आणि मग बुडाले का?

१३७० मध्ये फिरोजशहा तुघलकाने मलिक राजास थाळनेर व करवंद जहागीर दिले. दिल्लीची पकड सैल होताच, १३८२ च्या सुमारास, तो स्वतंत्रपणे वागू लागला. खलिफा उमर फारूक यांचे आपण वंशज, असे घराणे सांगे. त्याचा मुलगा नासिरखान (१३९९-१४३७) याने आसा अहिराचा असीरगड घेतला. बायकामुलांच्या नावाखाली डोल्यांतून शिपाई आत नेले, असे फिरिश्ता सांगतो. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्या नावाने बऱ्हाणपूर वसविले तेही यानेच.

पश्चिमेस गुजरात, उत्तरेस माळवा, दक्षिणेस बहामनी, अशा तीन बलाढ्य शेजाऱ्यांत हे राज्य सापडले होते. नासिरखान आपल्या बहामनी जावयाशीच लढला आणि हरला. दुसऱ्या आदिलखानाने गुजरातची खंडणी थांबवून पाहिली, तेव्हा महमूद बेगड्याने फौज पाठवून ती वसूल केली. वाकावे, पण मोडू नये, हा त्यांचा राजधर्म ठरला. शेजारी एकमेकांवर डोळा ठेवून होते, म्हणून तो साधला.

अकबराने आधी माळवा आणि १५७३ मध्ये गुजरात घेतला, तेव्हा हा तोल गेला. राजा अलीखानाने मोगलांचे वर्चस्व मानले. बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत त्याने अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरविला. त्यात शके १५११ ची नोंद आहे. १५९७ मध्ये गोदाकाठी आष्टीच्या लढाईत तो मोगलांकडून लढताना पडला. तो शत्रूस मिळाला अशा समजुतीने मोगलांनी त्याचीच छावणी लुटली! असे पाहिलेल्या त्याच्या मुलाने, बहादूरखानाने, असीरगडाचे दार लावून घेतले, यात नवल ते काय?

बोलणी करण्यास खाली उतरलेला बहादूरखान अडकविला गेला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. अबुल फजल रोगराईस कारण मानतो, जेझुइट पाद्री मोगलांच्या सोन्यास. आमच्या मते गडाचे भवितव्य त्याआधीच, अहमदाबाद पडले तेव्हा ठरले होते. दोन थोरांच्या भांडणात धाकट्याचे घर तगते. थोर एकच उरला की वाकण्याचाही उपयोग उरत नाही. थाळनेरच्या फारुकी कबरी आपणांस हेच सांगतात.